सगळ्या जगाची पेटी चढी

आमच्या घरात कुठलाही आवाज नुसता आवाज नसायचा, त्याला पट्टी असायची. पेटी वाजवणारी माणसं सुराला पेटीच्या पट्टीवरून ओळखतात, पांढरी एक, काळी दोन, असं. आमचे अण्णा सगळ्या सृष्टीलाच तसं ओळखायचे. आमच्या गावाची, निमगाव सावाची, पिठाची गिरणी पांढरी तीनला सुरू व्हायची आणि वरून बाजरी पडली की दबून काळी दोनला यायची. विहिरीवरची मोटर काळी एक. शेजारच्या सखूमावशीचं भांडण काळी पाचला सुरू होऊन तिसऱ्या शिवीला वरच्या सप्तकात जायचं, आणि अण्णा भाकरीचा घास हातात धरून म्हणायचे, "बघ बेबे, तार सप्तकात बी सूर सुटत न्हाई बाईचा." आईने हौसेनं नवा कुकर आणला तेव्हा पहिल्याच शिट्टीला अण्णांनी तोंड वाकडं केलं. जुना काळी पाचला वाजायचा, हा पांढरी सहाला वाजतोय, म्हणे. आई म्हणाली, "शिट्टी कुठल्या बी पट्टीत वाजू द्या, डाळ शिजली का ते बघा." आईचा संगीताशी एवढाच संबंध होता, आणि माझ्या मते तो पुरेसा होता.

अण्णा आळेफाट्याला ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री होते. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळी डिझेलचा वास घेऊन यायचे. नाशिककडे जाणारा एखादा ड्रायव्हर "मिस्त्री, लई आवाज करतंय राव" म्हणत आला की ते स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनवर आणि दुसरं कानाच्या हाडावर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "तिसरं सिलिंडर पडलंय." खोलून बघावं तर तिसरंच. लोकांना तो चमत्कार वाटायचा. मला तो शाळेतल्या पाढ्यांपेक्षा सोपा वाटायचा, कारण त्या घरात मी चालायला आणि पट्ट्या ओळखायला एकदमच शिकले. आज विमानं उडायच्या आधी त्यांना जमिनीवर टांगून हलवून बघायचं, ती कुठल्या कंपनाला थरथरतात ते मोजायचं, हा माझा धंदा आहे, आणि त्यात सगळं आयुष्य गेलं. आईला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी गोधडी झटकल्यावानी?" मी हो म्हणाले. पुढे बड्या बड्या परिषदांत मी माझ्या कामाची व्याख्या वाचली, पण ह्याहून नेमकी कुणी केलेली ऐकली नाही.

आता बुवा. दगडूबुवा आमच्या भजनी मंडळाचे गायक, आणि अण्णा त्यांचे पेटीवाले. धिप्पाड, मिशीला तेल, आवाज असा की देवळात गायला बसले तर वेशीवरची कुत्री उठून बसायची. त्यांचा एक अभिमान होता आणि तो ते देवाच्या नावाआधी सांगायचे. माइक हातात आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "चाळीस वर्सं झाली, काळी चारमधी गातोय. पट्टी सोडली न्हाई." आमच्या भागात काळी चार म्हणजे गायकाची छाती मोजायची फूटपट्टी. काळी दोनला गाणारा बरा, काळी तीनला गाणारा चांगला, आणि काळी चारला गाणाऱ्याला पंगतीत पहिलं पान. बुवांची शेती बेताची, घर बेताचं, स्वभाव तर बेतापेक्षाही कमी. पण काळी चार त्यांची होती, आणि तिच्या जोरावर ते पंचक्रोशीत मान वर करून हिंडायचे.

बुवा गाणार ते फक्त आमच्याच पेटीवर, असा अण्णांचा कडक नियम होता. कुठल्याही गावाला भजन असो, तिथल्या देवळात दोन-दोन पेट्या असोत, अण्णा आपली पेटी फडक्यात बांधून, सायकलला नाहीतर एस.टी.त टाकून घेऊन जाणार. पेटी काही हलकी नव्हती. एकदा भरलेल्या गाडीत कंडक्टर वैतागला, "मिस्त्री, आता पेटीला बी शीट देऊ का?" अण्णा म्हणाले, "देवाची पेटी हाय भाऊ." कंडक्टर म्हणाला, "मंग देवाला म्हणा, उभं ऱ्हा." अण्णा आळेफाट्यापर्यंत पेटी मांडीवर घेऊन एका पायावर उभे राहिले. मला वाटायचं ही भक्ती. आई म्हणायची हा वेडेपणा. खरं काय ते दोघींनाही कळलं नव्हतं.

मुलींनी देवळात पेटीवर बसायची पद्धत नव्हती, म्हणून मी घरी शिकले. संध्याकाळी आई चुलीवर हुलग्याची शेंगोळी रटरटत ठेवायची, लसणाचा वास घरभर, आणि अण्णा डिझेलने काळ्या झालेल्या बोटांनी मला पट्ट्या दाखवायचे. पाठ फिरवून बसवायचे, एक पट्टी दाबायचे आणि विचारायचे, "कंची?" चुकलं तर शेंगोळीतला लसूण त्यांचा. पहिलीत जाईपर्यंत मी चुकायची बंद झाले आणि अण्णांना लसूण मिळेनासा झाला. तेव्हाच शाळेत प्रार्थनेच्या पेटीवर गुरुजींनी काळी एक धरली आणि मी वर्गात उठून सांगितलं, "गुरुजी, ही पांढरी दोन हाय." गुरुजींनी पट्टी दाखवली. पट्टी काळी एकच होती, आणि दुसऱ्या लाकडी पट्टीने माझा तळहात लाल झाला. घरी येऊन मी अण्णांना विचारलं, तर ते म्हणाले, "शाळेची पेटी सरकारी हाय बेबे. सरकारी पेटी चढीच असती." मला ते पटलं. सरकारी घड्याळ मागे असतं, सरकारी दवाखान्यातलं औषध पातळ असतं, तर पेटी चढी का असू नये?

पुढे इंजिनियरिंगला पुण्याला गेले. वसतिगृहाच्या गणपतीत पेटी आली, तीही चढी. मैत्रिणीच्या मामाकडची जुनी, नावाजलेल्या कारागिराची पेटी वाजवून बघितली, ती पण अर्ध्या सुराने चढी. मी मनाशी म्हणाले, पुणेकर, दुसरं काय. एका जागी एवढी हुशार माणसं गोळा झाल्यावर सूर वर जाणारच. चार वर्षांत मी निदान दहा पेट्या तपासल्या असतील, आणि दहाच्या दहा चुकीच्या निघाल्या. आपली एकटीची पेटी बरोबर आणि उरलेलं जग चढं, ह्यात काही संशय घेण्यासारखं आहे असं विमानशास्त्र शिकणाऱ्या माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आज कामावर नवी मुलं एखाद्या यंत्राचा आकडा डोळे झाकून मानतात तेव्हा मी त्यांच्यावर ओरडते. ओरडताना मनातल्या मनात जरा लाजतेही.

मग बंगळूरच्या एका प्रयोगशाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. अर्जात छंद म्हणून मी 'हार्मोनियम' लिहिलं होतं. समोर तिघे बसले होते. दोघांनी पुस्तकातलं विचारलं, मी पुस्तकातलं सांगितलं. तिसरे म्हातारे साहेब, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, एवढा वेळ डुलक्या घेत होते. ते एकदम जागे झाले आणि इंग्रजीत म्हणाले, "हार्मोनियम? ते वाद्य आहे की फर्निचर?" मी म्हणाले, वाजवणाऱ्यावर आहे. ते हसले आणि मला उठवून शेजारच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथे रबराच्या दोऱ्यांनी पत्र्याचे तीन तुकडे टांगले होते, विमानाच्या अंगाचेच. त्यांनी रबरी हातोडीने पहिल्याला टिचकी दिली आणि विचारलं, "सांगा, सेकंदाला किती कंपनं?" मला हसूच आलं. हे तर शेंगोळीच्या चुलीसमोरचं. काळी चार. कुठल्या पट्टीची किती कंपनं ते मला तोंडपाठ होतं. मी सांगितलं, दोनशे आठ. यंत्राच्या पडद्यावर आलं एकशे शहाण्णव. दुसऱ्याला मी म्हणाले एकशे एकोणचाळीस, पडदा म्हणाला एकशे एकतीस. तिसऱ्याला मी दोनशे वीस सांगितले तर पडद्याने दोनशे आठ दाखवले. मी छातीठोकपणे म्हणाले, "सर, तुमचं यंत्र बिघडलंय." खरंच म्हणाले. इतकी वर्षं झाली, अजूनही आठवलं की तोंडावर पदर घ्यावासा वाटतो, आणि मी पदर घेत नाही.

बाकीचे दोघे माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. म्हातारे साहेब मात्र कागदावर भागाकार करत होते. मग म्हणाले, "तुमची चूक फार सुंदर आहे. तिन्ही वेळा एकाच दिशेला, आणि तिन्ही वेळा बरोबर अर्धा सूर. कान वाईट असता तर चूक इकडेतिकडे पडली असती. तुमचा कान उत्तम आहे, माप खोटं आहे. हे कान कुठल्या पेटीवर तयार झाले?"

"घरच्या."

"लावली कोणी?"

"वडिलांनी. पण माझे वडील चुकत नाहीत सर."

"मग ते का चुकले ते शोधा," साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून नादकाटा काढला, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसलाच, ठोकला की एकच सूर देणारा, पण चांगला जड. "हा घेऊन जा. पेटी तपासा, कारण मला लिहून कळवा. मग नोकरीचं बघू." आजच्या मुलांच्या फोनमध्येच सूर मोजायची सोय असते. तेव्हा मी तो काटा रुमालात गुंडाळून, दागिना आणावा तसा छातीशी धरून गावी आणला. तीस तासांच्या प्रवासात पूर्ण वेळ मी साहेबांवर चिडलेली होते.

घरी पोचले तेव्हा गावात सप्ता चालू होता. अण्णा गॅरेजला गेलेले, आई देवळात सप्त्याच्या भाकरी थापायला. मी पेटी पुढ्यात ओढली आणि काटा ठोकून लाकडावर टेकवला. हा सूर पांढरी सहाशी जुळायला हवा होता. जुळला काळी पाचशी. दोनदा करून बघितलं, तीनदा केलं. मग वरची फळी काढून आत बघितलं. पेटीच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, पेटीवाले त्यांनाच सूर म्हणतात. एक टोक खिळलेलं, दुसरं मोकळं, वाऱ्याने थरथरणारं. विमानाचा पंख असाच असतो, फक्त मोठा. त्याचं गणित मी चार वर्षं घोटलं होतं: शेंड्याला घासलं तर वजन कमी होऊन सूर चढतो, बुडाशी घासलं तर पट्टी नरम पडून सूर उतरतो. आमच्या पेटीत चौऱ्याऐंशी सूर. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशींच्या बुडाशी कानशीचे ओरखडे होते. बारीक, सारखे, एका हाताचे. पेटी काही जुनी होऊन उतरलेली नव्हती, कुणीतरी बसून, मोजून, एकेक सूर एका घराने, म्हणजे अर्ध्या सुराने, खाली आणला होता. आणि तो हात मला ओळखता येत होता, कारण त्याच हाताने केलेली सफाई आळेफाट्याच्या शंभर इंजिनांत होती. मला रडू आलं. जगात एकच गोष्ट बरोबर आहे असं धरून मी चालले होते, ती माझ्या बापाने मुद्दाम चुकवलेली होती.

अण्णा त्या दिवशी दुपारीच गॅरेजवरून परतले, देवळात जाऊन मग घरी आले, आणि मी तोंड उघडायच्या आत खाटेवर बसून म्हणाले, "बेबे, घात झाला." झालं होतं असं: दगडूबुवांचा मुलगा पंढरी पारगावला साखर कारखान्यात क्लार्क लागला होता. त्याने बापाच्या कौतुकाने नवाकोरा कीबोर्ड आणला होता आणि दुपारी सगळ्यांसमोर तो देवळात मांडला होता. पंढरीने पहिलं बटण दाबलं तर आतून परदेशी नाचगाण्याचा ठेका सुरू झाला. घाबरून दुसरं दाबलं तर कुत्रं भुंकलं. तिसऱ्याला गोळीबार. विठोबासमोर एवढं सगळं झाल्यावर कुणीतरी पेटीचा आवाज शोधला, आणि पंढरी म्हणाला, "अण्णा, लई वर्सं वाहिली तुमी पेटी. आता ठिवा तिला. उद्या काल्याच्या आधी बाबा ह्याच्यावर गाणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनीही वाजवल्या.

"मग बिघडलं काय त्यात?" भाकरी थापून परतलेली आई म्हणाली. "तुमची पाठ सुटली."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग उघड्या पेटीकडे, मग नादकाट्याकडे. "बघितलंस व्हय," ते म्हणाले, आणि सांगायला लागले. मी पाळण्यात असताना एका यात्रेत भर दुपारी बुवांचा आवाज फुटला होता. वरच्या सुराला गेले आणि कोंबड्यासारखी केकाटी निघाली. लोक हसले. बुवा उठले, टाळ ठेवला, आपल्या घरी गेले आणि दोन महिने देवळाकडे फिरकले नाहीत. रानात जाईनात, जेवणावर वासना नाही, बायकोला म्हणाले, माझं आता झालं. "कुणी म्हणालं, बुवा, पट्टी खाली घ्या, वय झालं. तर म्हणाले, काळी चार सोडायची तर मंग गळाच सोडतो. हट्टी माणूस, त्याला काय समजावणार? मी जाऊन सांगितलं, बुवा, तुमचा आवाज न्हाई फुटला. उनानं पेटी चढली व्हती. दुरुस्त करून देतो." अकरा दिवस गॅरेजला रजा टाकून अण्णांनी चौऱ्याऐंशी सूर घासले. बाराव्या दिवशी बुवा आले, काळी चार धरली, गायले, आणि गाऊन झाल्यावर अण्णांवरच डाफरले, "मी तवाच म्हणालो व्हतो, पेटीतच खोट हाय!"

"आणि तेव्हापासून तुम्ही पेटी वाहताय."

"दुसऱ्याच्या पेटीवर बसला की उघडं पडंल की गं. उद्या त्या यंत्रावर खरी काळी चार धरली की समद्या गावासमोर परत केकाटी. आता बहात्तरीला. ह्या खेपंला उठणार न्हाई तो माणूस." शेंगोळी समोर निवत होती. अण्णांनी लसणाला हात लावला नव्हता, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. मग ते हळूच म्हणाले, "त्याच्यात रॉकेल गेलं तर बंद पडंल का?"

मी म्हणाले, "अण्णा, त्याला बटण असतं. एकदा दाबलं की सगळे सूर एका घराने खाली."

"समदे?"

"सगळे."

"एका बटणानं?" माझ्या बापाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सुटका झाल्याचा आनंद आणि अकरा दिवसांचा अपमान एकाच तोंडावर होता. "अकरा दिस घासत बसलो मी," ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "शेंगोळी खा."

राहिला प्रश्न कीबोर्डवर बसायचं कुणी. अण्णांना बटणांची भीती, पंढरीला फक्त कुत्रं वाजवता येत होतं. सकाळी मी देवळात जाऊन सरळ पुढे बसले. दोन-चार म्हाताऱ्यांच्या भुवया वर गेल्या. त्यावर पखवाजवाले नामातात्या म्हणाले, "अरं, पेटी न्हाई ती. मशीन हाय. मशीनला इंजिनेरच लागतो." सगळ्यांना पटलं. बाईमाणसाने पेटीवर बसलेलं चालत नव्हतं, पण मशीनवर इंजिनियर चालत होती. मी कीबोर्डवर पांघरलेल्या शेल्याखाली हात घालून बटण दाबलं. छोट्या पडद्यावर 'उणे एक' आलं. त्याच्यावर मी तुळशीची डहाळी ठेवली.

बुवा उठून उभे राहिले. पांढराशुभ्र फेटा, मिशीला तेल. माइकवर म्हणाले, "चाळीस वर्सं झाली, काळी चारमधी गातोय. पट्टी सोडली न्हाई. धर गं पोरी." मी काळी चार धरली. अण्णा खांबाशी टाळ घेऊन उभे होते. बुवांनी अभंग उचलला, पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, वरचा सूर आला. आवाज तिथे जरा खरखरला, थांबल्यासारखा झाला आणि लागला. सभामंडपातून "वाहवा बुवा" आलं. पंढरीचे डोळे भरले. त्या एका क्षणासाठी मी माझ्या शिक्षणाचा जेवढा उपयोग केला तेवढा नंतर कुठल्याही विमानासाठी केला नसेल.

अभंग संपला, टाळ थांबले, आणि बुवा घाम पुसत माझ्याकडे वाकले. माइक त्यांनी मुठीत दाबून धरला होता. मला वाटलं शाबासकी देणार.

"बेबे," ते कानाशी पुटपुटले, "अजून एक घर खाली येतं का गं ते?"

मी कीबोर्डवरून मान वर केली.

"वर जाताना लई वडतंय," बुवा म्हणाले. "अण्णाची पेटी बास व्हती आजपर्यंत. पर आता ती बी जड जायला लागली. त्याला म्हणू कसं? परत अकरा दिस घासत बसंल गाढव. आन त्याला सांगू नको हां, मला ठावं हाय म्हणून. त्याला वाटतंय, त्यानं मला फशिवलंय. वाटू दे. बरं वाटतंय त्याला."

मी तुळशीची डहाळी उचलली, बटण दाबलं, डहाळी परत ठेवली. पडद्यावर उणे दोन. बुवा सरळ झाले, मिशीवरून हात फिरवला आणि माइकवर गरजले, "काळी चार!" मी धरली. नामातात्यांनी पखवाजावर थाप मारली, ती बेसूर पडली. त्यांनी मांडीखालची हातोडी घेतली, ठोकून पखवाज उतरवून घेतला आणि परत थाप दिली. आता जुळली. तेव्हा मला कळलं की त्या मंडळात ही हातोडी काही पहिल्यांदा निघालेली नव्हती. खांबाशी अण्णांचा टाळ हवेतच थांबला होता. त्यांच्या कानातून अर्धा सूर सुटणं शक्यच नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी विठोबाकडे बघत होते. बुवा असे गायले की काल्याचे कीर्तनकार महाराज हार घालून अर्धा तास नुसते बसून राहिले. मग आमटीची पंगत झाली. बुवांना पहिलं पान होतं, आणि त्यांनी ओरडून दुसरं पान अण्णांसाठी धरून ठेवलं.

परतताना अण्णा पेटी खांद्यावर घेऊन पुढे चालत होते. वाजवायची नव्हती तरी आणली होती, सवय. ओढ्यापाशी थांबून त्यांनी खांदा बदलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसऱ्या अभंगाला तुझं बोट चुकलं का गं?"

"हो," मी म्हणाले. "चुकून दोनदा दाबलं गेलं."

अण्णा चालू लागले. पेटीच्या भात्यातून प्रत्येक पावलाला बारीक श्वास बाहेर पडत होता. मग म्हणाले, "त्याच्या ध्यानात आलं?"

"नाही."

"आपल्याला बी आलं न्हाई," अण्णा म्हणाले. "चुकलंय ते ऱ्हाऊ दे तसंच." नंतर दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून आळेफाट्याला गॅरेजला जाईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि पुढे आयुष्यभर काढला नाही. बुवांनीही काढला नाही. दोघे एकमेकांना फसवत राहिले आणि मी दोघांनाही. आता दोघेही नाहीत, म्हणून लिहायची हिंमत होते आहे. पेटी माझ्याकडे बंगळूरला आहे, उतरलेलीच. प्रयोगशाळेत अजूनही पत्रा वाजला की माझ्या कानात आधी अण्णांची पट्टी येते, मग मी त्यातून अर्धा सूर वजा करते आणि आकडा सांगते.

काल्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांना पत्र लिहिलं. चार ओळी. पेटी तपासली. चौऱ्याऐंशी सूर बुडाशी घासून सारखे उतरवलेले आढळले. काम अत्यंत अचूक असून हेतुपुरस्सर आहे, कारण ही पेटी जगाशी नव्हे तर एका माणसाशी जुळवलेली आहे. दुरुस्ती करू नये, अशी शिफारस. पत्र टपालात टाकल्यावर मला घाम फुटला की हे कुठलं इंजिनियराचं उत्तर. पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत छापील नेमणुकीचं पत्र होतं, आणि तळाशी शाईने, थरथरत्या अक्षरात एकच ओळ: येताना माझा काटा विसरू नका.